वहिनींच्या फर्ममधले नऊ जण

मी जळकुकडी आहे. घरात, सोसायटीत, शेडमध्ये सगळ्यांना हे माहीत आहे, तेव्हा दिवाळी अंकाच्या वाचकांपासून लपवण्यात काही अर्थ नाही. शेजारणीच्या दारात नवा फ्रिज उतरला की माझा चहा बेचव होतो. बहिणीची सून तिला "आई, तुम्ही बसा, मी करते" म्हणाली की माझ्या पोटात दुखायला लागतं. पण उभ्या नोकरीत मी ज्या गोष्टीसाठी सर्वांत जास्त जळले ती साडी नव्हती की दागिना नव्हता. ते होतं विम्याचं कार्ड. दुसऱ्यांची कितीतरी कार्डं मी माझ्या हाताने काढून दिली आणि दर वेळी मनातल्या मनात म्हटलं, घ्या, तुमचं झालं.

गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. भोसरीच्या एमआयडीसीत पत्र्याचे बारीकसारीक भाग दाबून काढणारी आमची शेड. चाकणच्या गाड्यांच्या कंपन्यांना माल देणारे मोठे कारखाने असतात, त्या कारखान्यांना आम्ही माल द्यायचो. गाडी विकत घेणाऱ्याला आमचा भाग कधी दिसत नाही, निखळला तर मात्र गाडीभर खडखड होते. शेडच्या एका कोपऱ्यात काचेमागे माझं टेबल. हजेरी, पगार, पीएफ, विमा, बिलं आणि चहावाल्याचा हिशेब हे सगळं माझ्याकडे. माझा हुद्दा काय हे शेवटपर्यंत ठरलं नाही. कामगार 'ऑफिसवाल्या ताई' म्हणायचे, मालक 'ताई' म्हणायचे, आणि बाहेरचा माणूस आला की "कोणी आहे का?" असं माझ्याकडे बघूनच विचारायचा.

या धंद्यातली मेख बाहेरच्यांना कळावी म्हणून थोडं सांगते. कामगार विमा योजना म्हणजे ईएसआय. कामगाराच्या पगारातून अगदी थोडे पैसे कापायचे, मालकाने त्याच्या चौपटीहून जास्त घालायचे, की कामगार, त्याची बायको, मुलं, त्याच्यावर अवलंबून असलेले आईवडील, सगळ्यांचं औषधपाणी विम्याच्या दवाखान्यात. ऑपरेशनसुद्धा. आजारपणात पगाराचा मोठा भागही मिळतो. पण आत शिरायला दोन दारं आहेत. एक म्हणजे विजेवर चालणाऱ्या कारखान्यात माणसं दहा किंवा जास्त हवीत. दुसरं म्हणजे तुमचा पगार एकवीस हजारांच्या वर नको. आणि या सगळ्याच्या खाली एक कलम आहे, जे छोट्या मालकांना कायद्याच्या बाकी पुस्तकापेक्षा चांगलं पाठ असतं. एकदा माणसं दहा झाली की झाली. पुढे ती नऊ झाली, पाच झाली, तरी कायदा उठत नाही.

म्हणून भोसरीत दहाव्या माणसाला सगळे घाबरतात.

आमचे मालक अण्णा. गावकीतले, भोसरीचेच, वडिलांची जमीन एमआयडीसीत गेल्यावर लेथवर काम शिकून स्वतःची शेड उभी केलेले. माणूस वाईट नव्हता, हे आधीच लिहिते, नाहीतर पुढे वाचताना गैरसमज होईल. त्यांच्या नावावरच्या फर्ममध्ये वीसपेक्षा जास्त माणसं होती आणि सगळ्यांना कार्ड होतं, कारण मोठ्या कारखान्याची ऑडिटवाली माणसं येऊन कार्डं तपासायची. काम वाढलं तेव्हा अण्णांनी त्या फर्ममध्ये भरती केली नाही. बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या नावाने दुसरी फर्म काढली. शेड तीच. मधे जमिनीवर पिवळ्या रंगाची जाड रेष मारली, विजेचे दोन मीटर, दोन दरवाजे, दोन पाट्या. रेषेच्या अलीकडे प्रेस, पलीकडे घासकाम, जोडकाम आणि पॅकिंग. पलीकडे माणसं नऊ. कधीही नऊ. काम कितीही आलं तरी ओव्हरटाइम द्यायचा, पण दहावा घ्यायचा नाही. ठेकेदाराचा माणूस आणायचा म्हटलं की मीच सांगायचे, "अण्णा, तोही मोजतात."

हे फक्त आमच्याकडेच होतं असं नाही. आमच्या गल्लीत बायकांच्या नावावरच्या इतक्या फर्म होत्या की पाट्या वाचून एखाद्याला वाटावं, भोसरीचा सगळा कारभार बायकाच चालवतात. त्यातल्या एकीलाही मी कधी गल्लीत पाहिलं नव्हतं.

आमच्या शेडची म्हणून एक रीत पडून गेली होती. वहिनींच्या फर्ममध्ये बिनलग्नाची पोरं ठेवायची. त्यांच्यामागे बायकापोरं नाहीत, स्वतः तरणीताठी, त्यांना कार्डाची काय घाई, असा अण्णांचा हिशोब. एखाद्याचं लग्न ठरलं की त्याला रेषेच्या अलीकडे घ्यायचं आणि त्याच्या जागी गावाकडून आलेला नवा बिनलग्नाचा. त्यामुळे लग्नाची पहिली पत्रिका देवाला जायच्या आधी माझ्या टेबलावर यायची. नवरदेव लाजत लाजत उभा राहायचा आणि विचारायचा, "ताई, कार्ड कवा निघंल?" वाशीमकडच्या एका पोराचं ठरलेलं लग्न रेष ओलांडल्यावर मोडलं. अण्णा म्हणाले, पाठवा परत पलीकडं. पोरगं हात जोडून म्हणालं, "अण्णा, लगन मोडलं, पन आई हाय की घरात. तिचा मुतखडा कोन काडील?" अण्णा हसले आणि तो अलीकडेच राहिला. मला मात्र हसू आलं नाही. त्याचा मला हेवा वाटला. मोडलेल्या लग्नाचा हेवा करणारी बाई जगात मी एकटीच असेन.

कारण त्या नऊमध्ये मी होते. नऊमधली एकटी लग्न झालेली.

अण्णांचं म्हणणं असं, की वहिनींची फर्म नुसती पोराटोरांची दिसून चालणार नाही. बँकेतून, वीज मंडळातून कोणी आलं तर तिथे एक जाणती बाई बसलेली हवी. मी अलीकडे यायचं म्हटलं की म्हणायचे, "ताई, तुमी म्हंजी घरच्या मानसावानी. तुमाला काय ह्या पोरांसारखं मोजायचं का?" घरच्या माणसासारखं म्हणून मला कार्ड नव्हतं, आणि घरच्या माणसासारखं म्हणून दिवाळीला मिठाईचा मोठा पुडा मिळायचा. पुडा घरी नेताना मला दर वर्षी वाटायचं, मला परक्यासारखं वागवा पण कार्ड द्या.

सगळ्यांत जास्त जळायचे ते नंदावर. बीडकडची, नवरा रंगारी, अलीकडच्या फर्ममध्ये तयार भाग तपासायला बसायची. हात चपळ, तोंड त्याहून चपळ. तिचं कार्ड मीच काढलेलं, त्यामुळे दवाखान्यातली प्रत्येक गोष्ट मला येऊन सांगणं ती स्वतःचं कर्तव्य समजायची. बाळंतपणाची भरपगारी रजा, पोराचं मोडलेलं मनगट, आईचा मोतीबिंदू. "ताई, एक रुपया लागला न्हाई बगा. तुमच्यामुळंच झालं समदं." मी "बरं झालं" म्हणायचे आणि मान खाली घालून हजेरी लिहायला लागायचे, कारण वर पाहिलं असतं तर तिला माझं तोंड दिसलं असतं. तिचं भलं झालेलं मला बघवत नव्हतं. ती सुखी दिसली की माझा तिळपापड व्हायचा. आईचा मोतीबिंदू निघाला त्या दिवशी तर मी तिच्या रजेच्या अर्जातली तारीख चुकली म्हणून तिला दोनदा परत पाठवलं.

पगाराच्या दाराचीही एक गंमत सांगते, पुढे ती लागणार आहे. सरकारने वर्षाचे दोन भाग केलेत, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. भागाच्या पहिल्या दिवशी तुमचा पगार मर्यादेत असेल, तर मधेच वाढून वर गेला तरी तो भाग संपेपर्यंत तुम्ही आतच असता. पण वाढ पहिल्या तारखेपासूनच लागली तर त्या दिवसापासून बाहेर. म्हणजे एप्रिलपासून वाढ घेतली की कार्ड गेलं, मेपासून घेतली की सप्टेंबरपर्यंत राहिलं. आमच्या गायकवाड नावाच्या प्रेस ऑपरेटरच्या बायकोचं गर्भाशयाचं ऑपरेशन व्हायचं होतं तेव्हा त्याने अण्णांना सांगितलं, "अण्णा, पगार वाढवा, पन एप्रिलला नको." अण्णांना वाटलं माणसाला वेड लागलं. मग मी त्यांना हा नियम समजावला. तेव्हापासून मर्यादेच्या आसपास आलेल्या प्रत्येकाची वाढ आमच्याकडे मेमध्ये व्हायची. गल्लीतल्या इतर शेडची माणसं मला विचारायला यायची. मोठ्या कन्सल्टंटांच्या एसी ऑफिसात जे सांगत नाहीत ते मी चहा पाजून सांगायचे, आणि हो, याचा मला अभिमान होता.

मग आमच्या यांचा खुबा गेला.

आमचे हे शाळेची व्हॅन चालवायचे. निगडीपासून चिंचवडपर्यंतची पोरं गोळा करायची, सोडायची. आधी नुसतं लंगडणं, मग क्लच दाबताना ओरडणं, मग एके दिवशी पोरांना घेऊन रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून बसून राहिले. एका आईने मला फोन केला. डॉक्टर म्हणाले, सांधा झिजलाय, बदलावा लागेल, आणि जितका उशीर कराल तितकं दुसऱ्या पायावरही येईल. खाजगी दवाखान्याने जो आकडा सांगितला तो उभा करायला व्हॅन विकावी लागली असती. आणि व्हॅन विकल्यावर त्या नव्या खुब्याचं करायचं काय? दुसऱ्या सरकारी योजनांमध्येही विचारून आले. कुठे आमचं रेशनकार्ड बसेना, कुठे तो सांधा बसेना.

मी अण्णांकडे गेले. म्हटलं, मला रेषेच्या अलीकडे घ्या, माझ्या जागी एखादा पोरगा घ्या. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना वाईटही वाटलं, चेहऱ्यावर दिसत होतं. म्हणाले, "यंदा न्हाई ताई. पुडच्या साली बगू. आत्ता त्या फर्मचं बँकेचं काम चाललंय, तुमी हाललात तर समदं हालतंय. काय उसने लागले तर सांगा की." मी उसने मागायला गेले नव्हते. त्याच आठवड्यात नंदाच्या नवऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, आणि चौथ्या दिवशी तो शेडच्या दारात बायकोला न्यायला उभा. सरळ, दोन पायांवर. मी काचेआडून त्याच्या पायांकडे बघत राहिले. खरं सांगते, मी त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या दिल्या.

यातून वाट निघाली ती दुसऱ्याच एका बाईच्या जळण्यातून. ती बाई म्हणजे आमच्या वहिनी, शैलजावहिनी, ज्यांच्या नावाने आमची फर्म होती.

झालं असं, की अण्णांच्या धाकट्या भावाच्या बायकोने मोशीला छोटी बालवाडी काढली होती. घरातल्या कुठल्याशा बारशाला पाहुण्यांपैकी कोणी वहिनींना विचारलं, तुम्ही काय करता? वहिनी म्हणाल्या, घरीच असते. तर जाऊबाई सगळ्यांदेखत हसून म्हणाली, "असं काय म्हणता ताई, तुमच्या नावावर तर अख्खी फर्म आहे. तिथे जायचा रस्ता माहीत नसला म्हणून काय झालं?" वहिनी रात्रभर झोपल्या नाहीत म्हणे. सोमवारी सकाळी स्वतः गाडी चालवत शेडवर आल्या. अण्णा त्या वेळी राजकोटला जुनी प्रेस बघायला गेले होते.

वहिनी आधी पाटीखाली उभ्या राहिल्या. स्वतःचं नाव वाचलं. "इतकं बारीक लिहिलंय?" एवढंच म्हणाल्या आणि आत आल्या. मग मला विचारलं, "माझी खुर्ची कुठली?"

पलीकडच्या बाजूला खुर्ची एकच होती, माझी. मी उठले. इतक्या वर्षांत त्या खुर्चीवरून मला कोणी उठवलं नव्हतं. वहिनी बसल्या, टेबलावरून हात फिरवला, माझं पाणी प्यायचं भांडं बाजूला सरकवलं. कष्ट आमचे, धूळ आमच्या नाकात, आणि ही बाई कडक इस्त्रीची साडी नेसून येते आणि मालकीण होते, असं वाटून माझं डोकं भणाणलं.

तीन दिवस त्या रोज आल्या. चौथ्या दिवशी बरोबर त्यांच्या बिल्डिंगमधली रूपाली. बी.कॉम. झालेली, चुणचुणीत, घरी बसून कंटाळलेली. वहिनी म्हणाल्या, "ताई, ही माझी असिस्टंट. जाऊबाईंकडे मॅनेजर आहे. माझ्याकडे कोणी नको? हिचं नेमणुकीचं पत्र करा."

मी मनात मोजलं. रूपाली म्हणजे दहावं माणूस.

"वहिनी," मी म्हटलं, "अण्णांना एकदा विचारू या का? माणसं वाढली की काही कायदे लागतात."

वहिनींच्या कपाळावर आठ्या आल्या. "फर्म कोणाची आहे?"

"तुमची."

"मग मला विचारा."

मी त्यांनाच विचारलं. दहा झाले की विमा योजना लागते, नोंदणी करावी लागते, दर महिन्याला मालकाला हिस्सा भरावा लागतो आणि पुन्हा मागे फिरता येत नाही, हे सगळं एकेक करून सांगितलं. काही लपवलं नाही. वहिनींनी विचारलं, "लोकांना काय मिळतं?" तेही सांगितलं. त्या पलीकडे घासकाम करणाऱ्या पोरांकडे बघत म्हणाल्या, "मग आजवर का नव्हतं?"

"आजवर नऊ होतो."

मी पत्र टाइप केलं, त्यांनी सही केली. नोंदणी करताना ओटीपी मालकाच्या मोबाइलवर येतो. आजवर तो नंबर अण्णांचाच दिलेला असायचा. वहिनींनी स्वतःचा द्यायला लावला आणि फोन वाजला तेव्हा आकडे मोठ्याने वाचून दाखवले. शाळेत कविता म्हणून दाखवावी तशा वाचल्या. दहा जणांची नावं मी भरली. त्यात माझं नाव भरताना चुकून दोनदा पुसलं गेलं.

अण्णा परत आले त्या दिवशी शेडमध्ये प्रेस चालू होत्या तरी शांतता होती. ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"ताई, ह्ये काय करून बसला तुमी?"

"मी वहिनींना सगळं सांगितलं होतं अण्णा. तुम्हाला विचारू या, असंही म्हटलं होतं."

"मग मला फोन करायचा न्हाई?"

"मालकाच्या कामात मी कशी पडणार? मालक त्या आहेत."

त्यांना हे लागलं. "त्या रूपालीला कमी करतो. आमच्या बिल्डिंगमदलीच पोरगी हाय, समजावतो."

"आता नऊ झाले तरी उपयोग नाही," मी म्हटलं. "तुम्हाला माहीतच आहे."

त्यांना माहीत होतं. मी आणि अण्णा महिनाभर कामापुरतं बोलत होतो. माझं कार्ड आलं, त्यावर यांचं नाव. विम्याच्या हॉस्पिटलमध्ये तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी फोटो पाहिले, रांगेत नंबर लावला आणि ऑपरेशनची तारीख दिली, एप्रिलच्या शेवटची. हे घरी भिंतीला धरून चालण्याचा सराव करायला लागले. नंदाने विचारलं तेव्हा मी तिला सांगितलं, आणि पहिल्यांदा तिच्याशी बोलताना माझ्या पोटात दुखलं नाही.

मार्चमध्ये अण्णांनी मला बोलावून एक कागद हातात दिला. पगारवाढीचं पत्र. बावीस हजार. एक एप्रिलपासून.

मी तारीख पुन्हा वाचली. अण्णा हसत नव्हते. "किती सालं मागत होता ना वाढ? घ्या. आता तुमाला विम्याची काय गरज."

हा नियम त्यांना मीच शिकवला होता. माझ्या लायकीच्या पगारासाठी मी वर्षानुवर्षं तोंड वेंगाडलं, शेजारच्या शेडमधल्या सुपरवायझरचा पगार ऐकून जेवण टाकलं, आणि आता वाढ मिळाली तर मला रडू येत होतं. बातमी शेडभर फुटली. पोरं येऊन अभिनंदन करून गेली. नंदा काचेवर टकटक करून म्हणाली, "ताई, पेढे कवा? आता तुमी काय बाबा, मोठ्या मानूस झाल्या." तिच्या बोलण्यात हेवा होता. मी तो लगेच ओळखला, आयुष्यभर तोच तर केला होता.

पत्रावर फर्मच्या मालकाची सही लागणार होती. अण्णांची नाही, वहिनींची. मी पत्र घेऊन त्यांच्यापुढे गेले आणि म्हटलं, "वहिनी, यावर सही करू नका."

"वाढ नको म्हणताय? का?"

मी सांगितलं. यांचा खुबा, व्हॅन, तारीख, एप्रिल, सगळं. बोलता बोलता रडू फुटलं. वहिनींनी पाण्याचं भांडं माझ्यापुढे सरकवलं. मग जे म्हणाल्या ते मला आजही शब्दाशब्दाने आठवतं.

"मला तुमचा फार राग यायचा ताई. इतकी वर्षं. घरी हे जेवायला बसले की तुमचंच नाव. ताईंना विचारतो, ताई बघतील, ताईंशिवाय पान हलत नाही. आमटीत मीठ कमी पडलं तरी मला वाटायचं, त्या बाईच्या हातून बरोबर पडत असेल. फर्म माझ्या नावावर आणि त्यात बसणार तुम्ही. मी खरी आले ना इथे, ती जाऊबाईंसाठी कमी आणि तुमची खुर्ची बघायला जास्त."

मी थक्क झाले. जळणारी मी, आणि माझ्यावर कोणी जळत होतं? कशावर, त्या मोडक्या खुर्चीवर? मी म्हटलं, "वहिनी, मी तुमच्या साडीवर जळत होते." त्यावर त्या हसल्या, मीही हसले, आणि दोघींनी डोळे पुसले.

मग त्यांनी पत्र हातात घेतलं. "हे मला न विचारता टाइप करून आणलं होय यांनी? माझ्या फर्मचं?" जरा थांबून त्यांनी विचारलं, "जाऊबाईंच्या बालवाडीत आहे का हो लोकांना हे कार्ड?"

"नाही. तिथे तर सहा-सातच बायका आहेत."

वहिनींचा चेहरा असा फुलला की काय सांगू. त्यांनी पेन उचललं, एप्रिल खोडलं, मे लिहिलं, खोडलेल्या जागी सही केली आणि खाली आणखी एक सही ठोकली. "वाढही घ्या आणि ऑपरेशनही करा. यांना मी बघते."

अण्णांनी ते पत्र पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि फाइलला लावलं. पुढे आम्ही पूर्वीसारखे बोलायला लागलो. सप्टेंबर संपल्यावर माझं कार्ड गेलं. त्या बावीस हजारांचा आनंद मला खरा कधी झाला नाही, आणि अण्णांनी पुढची भरती मुलाच्या नावाने तिसरी फर्म काढून केली, हेही सांगायला हवं. तिथेही नऊ.

ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. नवा खुबा बसला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी यांना वॉकर धरून उभं केलं. मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून दारातून बघत होते. एक पाऊल, थांबणं, दुसरं पाऊल. घामाने तोंड भिजलेलं, पण ओरडणं नाही.

माझ्याशेजारी एक बाई डबा घेऊन बसली होती. तिचा चुलतभाऊ आत होता, चाकणच्या एका कंपनीत कामाला, त्याच्या कार्डावर दाखल झालेला. तिने यांच्याकडे बघत विचारलं, "तुमचे मिस्टर का? कार्ड त्यांचं?"

"माझं," मी म्हटलं.

"कंपनी मोठी आहे?"

"नाही हो. भोसरीतली छोटी फर्म. दहा जण आहोत."

तिने डब्याची कडी उघडली, पुन्हा लावली. "मी पण भोसरीतच आहे," ती म्हणाली. "माझ्या आईचं हेच ऑपरेशन राहिलंय. आमच्याकडे नऊच आहेत." आणि तिने माझ्याकडे पाहिलं. वॉकर धरून चालणाऱ्या यांच्याकडे, मग माझ्या हातातल्या कार्डाकडे, मग परत माझ्याकडे. ती नजर मला पाठ होती. मी कितीतरी वर्षं काचेआडून तीच नजर लोकांवर टाकत आले होते. खोटं कशाला बोलू, क्षणभर मला फार बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी या बाजूला होते.

मग ते बरं वाटणं ओसरलं. मी तिला विचारलं, "फर्म कोणाच्या नावावर आहे?"

"मालकांच्या बायकोच्या."

"त्या कधी येतात का शेडवर?"

ती ओशाळं हसली. "त्यांना माहीतच नाही हो, त्यांच्या नावावर फर्म आहे ते."

मी बाकावर सरकून तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, "त्यांना जाऊ आहे का?"